सांध्याचे तेल

गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, १९६१ साली, मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड मोटार तयार होऊ लागली. तीतलीच एक वडिलार्जित गाडी आम्ही शिरगावात आजही जपतो. १९६२ सालची ट्रायम्फ स्पिटफायर ही देखणी स्पोर्ट्स कार हेराल्डवरूनच बेतलेली. दोघींचे पुढचे सस्पेन्शन एकाच कुळातले.

त्यात चाकामागचा उभा पोलादी दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. येथे ग्रीस भरण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु घट्ट ग्रीस तळापर्यंत पोहोचत नाही. पाणी शिरते, पोलाद आतून गंजते आणि एखाद्या वळणावर दांडा तुटून चाक कोलमडते. म्हणून तेथे ९० नंबरचे गिअर ऑइलच हवे. पावसाळ्याच्या आधी व नंतर आम्ही गाडी जॅकवर घेतो, खाणीची तांबडी धूळ पुसतो आणि ग्रीसगनमध्ये हे तेल भरून ते सांध्यातून झिरपेपर्यंत दाबतो.

लईराईच्या जत्रेला येणारे आप्त गाडीच्या रंगाचे कौतुक करतात. आमची नजर मात्र चाकामागचा तेलाचा ओलावा शोधत असते. तो दिसला की मुलाबाळांना गाडीत बसवताना मन निर्धास्त राहते.