फळ्यावरचे तीन रकाने

आमचे विज्ञानाचे सर आता या जगात नाहीत. कोकणातल्या आमच्या उर्दू हायस्कूलमध्ये त्यांनी ३१ वर्षे शिकवले. काही घरांत तर आईही त्यांची विद्यार्थिनी आणि मुलगीही. जनाज्याला आलेल्या प्रत्येकाजवळ सरांची एक आठवण होती.

उर्दू शाळेतल्या मुलांची खरी कसोटी दहावीनंतर लागते. अकरावी सायन्सला गेले की सगळे इंग्रजीत. हुशार मुलेही घाबरून शाखा बदलतात. सरांनी यावर साधा उपाय काढला होता. फळ्यावर ते तीन रकाने आखत. इनइकास, परावर्तन, रिफ्लेक्शन. इनइताफ, अपवर्तन, रिफ्रॅक्शन. "शब्द बदलतो, प्रकाश तोच राहतो," असे म्हणत. आमची भीती तिथेच निम्मी व्हायची.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. पण एके दिवशी सरांनी वर्गाच्या खिडक्या बंद करून फटींना कागद चिकटवले आणि एका फळीत खिळ्याने बारीक भोक पाडले. समोरच्या भिंतीवर अंगणातला माड उलटा उभा राहिला! मग त्यांनी इब्न अल-हैसम यांची ओळख करून दिली. जन्म बसऱ्याचा, काम कैरोत. सुमारे १००० वर्षांपूर्वी त्यांनी 'किताब अल-मनाझिर' लिहिली. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून दिसते, हा जुना समज त्यांनी खोडून काढला. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो, हे त्यांनी मांडले. आमच्या माना अभिमानाने ताठ झाल्या, तेव्हा सरांनी लगेच टोकले, "नुसते नाव घेऊन काय होणार? त्यांनी तपासून पाहिले, तुम्हीही पाहा."

कॉलेज तालुक्याला. त्यामुळे बऱ्याच मुलींचे शिक्षण दहावीला थांबायचे. अशा वेळी असरच्या नमाजनंतर सर आणि बाजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या घरी जात. चहा घेत, आणि मुलीची प्रयोगवही वडिलांपुढे उघडून ठेवत. "हे तुमच्या लेकीने काढलंय," एवढेच सांगत. प्रत्येक घरी होकार मिळाला नाही. पण जिथे मिळाला, त्या घरांतली एक मुलगी आज नर्स आहे, दुसरी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

माणूस गेल्यावरही ज्या तीन गोष्टींचे पुण्य त्याला पोहोचत राहते, त्यांत लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आहे, असे हदीसमध्ये आले आहे. आमच्यापैकी काहीजण आज शिक्षक आहोत. धडा सुरू करण्याआधी आम्हीही फळ्यावर तीन रकाने आखतो. घरातल्या मुलीचे पुढचे शिक्षण ज्यांच्या हाती आहे, त्यांनी निर्णयाआधी तिची वही एकदा उघडून पाहावी, एवढेच सरांच्या वतीने मागणे.

अल्लाह सरांची मगफिरत करो, त्यांना जन्नतुल फिरदौस अता करो. आमीन.