चार पंख्यांचे गणित

आज संध्याकाळी ड्रोनच्या चौकटीवरील शेवटच्या मोटरीच्या तीन तारा वेगनियंत्रकाला डाख देऊन जोडताना, राळेचा धूर वर चढत असता, मनात आले की आकाशातून भूमी निरखण्याची जी आकांक्षा नादार या फ्रेंच छायाचित्रकाराला १८५८ साली फुग्यात बसवून पॅरिसनजीक घेऊन गेली, तीच आज माझ्यासारख्या नवशिक्याच्या मेजावर येऊन उतरली आहे.

या यंत्राच्या रचनेने मन विस्मित होते. कर्णावरच्या दोन मोटरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे व उरलेल्या दोन उलट फिरतात, म्हणून त्यांचे पीळ परस्परांत फिटतात आणि यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. ते किंचित कलताच जायरोस्कोप ती वार्ता उड्डाण-नियंत्रकाला देतो, आणि नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येक पंख्याची गती दुरुस्त करतो. पात्यांच्या वजनात रतीभर फरक राहिला तरी कॅमेऱ्यातील चित्र थरथरते. यास्तव पंखा बारीक दांडीवर तोलून हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावावा लागतो, आणि ही सूक्ष्म तजवीज करताना लाभणारी एकाग्रता मला उड्डाणाइतकीच मोलाची वाटते.

आकाशावरही कायद्याचा अंमल आहे : २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या, पिवळ्या व लाल हद्दी आखल्या असून लाल हद्दीत केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडवण्याची मुभा नाही. हे यंत्र करू इच्छिणाऱ्याने उड्डाणापूर्वी नकाशा अवश्य पाहावा, आणि जुळणी चालू असताना पंखे उतरवल्यावाचून मोटर कधीही सुरू करू नये.