कचरा कोणाच्या दारात?

१९६५ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या कोतो भागावर माश्यांची धाड आली. समुद्रात कचऱ्याचा भराव टाकून तयार होत असलेल्या यूमेनोशिमा या बेटावर त्या जन्मल्या आणि तिथून वस्तीत शिरल्या. घरांत, शाळांत, जेवणाच्या ताटांवर माश्याच माश्या. औषधांच्या फवाऱ्यांनी भागेना, तेव्हा जुलै महिन्यात सरकारी यंत्रणेने कचऱ्याचा तो डोंगरच पेटवून दिला. आदल्याच वर्षी याच शहरात ऑलिंपिक भरलं होतं आणि जगभरच्या पाहुण्यांसाठी रस्ते लख्ख केले गेले होते.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. जपानची स्वच्छता पाहून आलेली आपली माणसं 'ते त्यांच्या रक्तातच असतं' म्हणतात, आणि ऐकणारेही माना डोलावतात. रक्ताचं कारण एकदा दिलं की पुढे काही विचारायचं उरत नाही. त्यांच्या रक्तात आहे, आपल्या नाही, विषय संपला. पण ज्या शहराला साठ वर्षांपूर्वी स्वतःच्या कचऱ्यातून उठलेल्या माश्या आवरत नव्हत्या, त्याच्या रक्तात मधल्या काळात काय बदललं असेल? बदललं ते दुसरंच काही.

टोकियोला गेले तेव्हा मी मुद्दाम यूमेनोशिमावर गेले. आता तिथे मोठं उद्यान आहे, खेळाची मैदानं आहेत, आणि काचेच्या घुमटांखाली उष्ण प्रदेशातल्या झाडांचं हरितगृह आहे. बाहेर थंडी असली तरी आत घाम फुटावा अशी दमट हवा. ती ऊब येते शेजारच्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पातून. पायाखाली शहराचा जुना कचरा आणि भोवती नव्या कचऱ्याची ऊब, अशा जागी मी बराच वेळ उभी होते. तिथवर पोचायला त्या शहराला केवढं भांडावं लागलं, ते मी आधी वाचून गेले होते.

माश्या गेल्या तरी कचऱ्याच्या गाड्या थांबल्या नव्हत्या. साऱ्या शहराचा कचरा कोतोच्या रस्त्यांवरून समुद्राकाठच्या भरावाकडे जातच राहिला. कोतो हा कारखान्यांचा, कामगारांचा सखल भाग. पश्चिमेकडचा सुगिनामी हा निवांत घरांचा, मध्यमवर्गाचा. तिथे कचरा जाळण्याचा प्रकल्प उभारायचं ठरलं, तर रहिवाशांनी कडाडून विरोध केला. आपला कचरा कोतोकडे जातोय याचं त्यांना काही वाटत नव्हतं. प्रकल्प आपल्या अंगणात नको होता. १९७१ साली टोकियोचे गव्हर्नर र्योकिची मिनोबे यांनी कचऱ्याविरुद्ध युद्धच जाहीर केलं. १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी सुगिनामीहून येणाऱ्या गाड्या रस्त्यात अडवल्या. त्यांचं म्हणणं कोणालाही कळेल असं होतं: ज्याचा कचरा त्याने आपल्या हद्दीत निस्तरावा. पुढे कोर्टात तडजोड झाली, आणि सुगिनामीचा प्रकल्प उभा राहायला ऐंशीचं दशक उजाडलं.

आज इकेबुकुरो या प्रचंड गर्दीच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर २१० मीटर उंचीचं धुराडं आहे. कचऱ्याच्या भट्टीचं धुराडं, भर वस्तीत. कचरा जाळणं हाच उपाय, असं मला सुचवायचं नाही. आपल्या ओल्या कचऱ्याला ते नीट लागू पडत नाही, आणि जपानमध्येही त्या धुरातल्या विषारी डायऑक्सिनवरून मोठे वाद झाले. मला महत्त्वाचं वाटतं ते माणूस आणि त्याचा कचरा यांतलं अंतर. भट्टी आपल्याच भागात असली की तिच्यात काय जातं याची काळजी करणं भाग पडतं. मग बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, हा काटेकोरपणा कोणाला जाच वाटत नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरच्या कित्येक कचरापेट्या काढून टाकल्या गेल्या, तरी फलाट उकिरडे झाले नाहीत. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेऊ लागले, कारण तो अखेर आपल्यालाच निस्तरायचा आहे हे तोवर अंगवळणी पडलं होतं.

मी पुण्याची. माझ्या शहराचा कचरा कधीकाळी कोथरूडच्या डेपोत पडत असे. कोथरूड वाढलं, तिथे घरं घेणारी आमच्यासारखी माणसं आली, आणि पुढे कचरा शहराबाहेरच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांकडे जाऊ लागला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळीच्या वाट्याला काय आलं? विहिरींचं पाणी नासलं, गावं टँकरवर आली, माश्या आणि घाण वास तर रोजचाच. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. पुण्यात चौकाचौकांत ढीग साचले. तेव्हा आमच्याकडे जे बोललं गेलं ते मला अजून बोचतं. 'या गावकऱ्यांनी शहराला वेठीला धरलंय.' कोतोची माणसं जे म्हणत होती, तेच फुरसुंगीची म्हणत होती. एवढी वर्षं वेठीला कोण होतं, हा प्रश्न त्या दिवसांत फार थोड्या पुणेकरांनी विचारला.

आणि आपल्याकडे कचऱ्यापासूनचं हे अंतर नुसतं किलोमीटरांचं नाही. जपानी शाळांत मुलं रोज वर्ग झाडतात, ओल्या फडक्याने व्हरांडे पुसतात. ते पाहून आपल्याकडेही असं करावं, असं अनेकांना मनापासून वाटतं. मलाही वाटतं. पण आपल्या शाळांत मुलांच्या हाती झाडू दिला गेला तेव्हा शौचालयाचा झाडू कोणाच्या हाती गेला, हे आधी पाहावं लागेल. दलित मुलांनाच ते काम सांगितल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. तिथे सगळी मुलं मिळून जे करतात, तेच इथे एखाद्याला त्याची जागा दाखवून देण्यासाठी करवून घेतलं जातं. कचरा उचलणं हे अमक्याने करायचं काम असं जिथे जन्माआधीच ठरलेलं असतं, तिथे बाकीच्यांना खाली टाकताना काही वाटेनासं होतं. आपल्या रस्त्यांच्या घाणीचं मूळ मला शिस्तीच्या अभावापेक्षा इथे दिसतं.

हे कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी फार आधी ओळखलं होतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, असं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं, उपवास धरला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. मैला साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून एक ब्राह्मण उपाशी राहतो, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत असायला हवी. पुढे कोकणात त्यांनी संडास कसे बांधावेत, मैल्याचं खत कसं करावं, यात आयुष्य घातलं. गाडगेबाबांचा खराटा आपण पुतळ्यांच्या हाती दिला. आप्पासाहेबांचं तर नावही आज फार थोड्यांना आठवतं.

स्वच्छतेच्या गप्पांत जपानखेरीज सिंगापूरचं उदाहरण येतं, तेही नेहमी दंडासाठी. दंड आहेच. १९६८ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वच्छतेची मोहीम सुरू केली, पुढे दहा वर्षं खपून नदी साफ केली, हेही मोठं काम. पण तिथल्या खाऊगल्ल्यांत पाहिलं तर टेबलं पुसणारे हात बरेचसे म्हाताऱ्यांचे आहेत. आपण खाल्लेलं ताट आपण उचलावं, यासाठी तिथे २०२१ मध्ये सक्ती करावी लागली. रवांडाच्या किगालीत प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी लोक एकत्र येऊन सार्वजनिक कामं करतात, आणि गरीब देशाची राजधानी इतकी नेटकी असू शकते हे पाहून आपला एक जुना बहाणा संपतो. मात्र त्याच शहरात फेरीवाले, बेघर, रस्त्यावरची मुलं उचलून गिकोंडोच्या केंद्रात डांबली गेली, हे ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवून ठेवलं आहे. माणसांनाच कचरा मानून केलेली स्वच्छता मला नको. पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याकडेही वस्त्यांपुढे पडदे लागतातच.

पुण्यात आशा वाटावी असं जे आहे, ते कचरावेचक बायकांनी उभं केलंय. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. त्या दारात येतात, डबा घेतात, ओळखीने बोलतात. कचरा टाकणाऱ्याला उचलणारीचा चेहरा रोज दिसतो. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी एकदा हातावरची पट्टी दाखवली. कोणीतरी फुटलेली काच तशीच टाकली होती. त्यानंतर आमच्या मजल्यावर काच कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळी ठेवली जाते. कितीही फलक लावून हे झालं नव्हतं.

ओल्या कचऱ्याचा खड्डा सोसायटीत कुठे करायचा, यावरून आमची सभा मात्र बरीच तापली. प्रत्येकाला खड्डा हवा होता, आपल्या खिडकीपासून लांब. शेवटी तळमजल्यावरच्या काकू उठल्या. म्हणाल्या, "माझ्या खिडकीखाली करा. पण वास आला तर मी प्रत्येकाच्या दारावर थाप मारणार." पहिल्या पावसाळ्यात वास आला आणि त्यांनी खरंच थापा मारल्या. कोण प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकतंय ते शोधून काढलं. आता खत होतं, कुंड्यांना पुरतं. सुका कचरा मावशी नेतात, विकण्याजोगा त्या विकतात. उरलेला गाडीतून जातो, आणि ती गाडी अखेर कुठे रिकामी होते हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं. ते विचारणारं पत्र सगळ्यांच्या सह्या घेऊन क्षेत्रीय कार्यालयात दिलं आहे. उत्तर आलं की त्या जागी जाऊन यायचं ठरलंय, काकूंसकट.