डोल्मा खिंडीतून तळजाईवर

आषाढात तळजाईच्या टेकडीवर उजाडते ते ढगांच्या आडूनच. माती निसरडी झालेली असते, झाडीत मोर ओरडत असतात आणि बिबवेवाडी, सहकारनगर, मार्केट यार्ड या भागांतील नेहमीची मंडळी छत्री घेऊन का होईना, पण वर येतात. 2016 सालच्या जुलैमध्ये भुसार बाजारातील चोपन्न वर्षांचे एक व्यापारी पंचवीस दिवसांच्या खंडानंतर पुन्हा या टेकडीवर धावू लागले. ते कैलास-मानसरोवराची यात्रा करून परतले होते.

भगवान ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापदावर झाले, हे जैन घरातील मुलालाही ठाऊक असते. ते अष्टापद कैलासाच्या परिसरात होते, अशी श्रद्धा आहे. त्या वर्षी या गृहस्थांना लिपुलेख मार्गाची जूनमधील तुकडी मिळाली, म्हणजे चातुर्मास बसण्यापूर्वी घरी परतता येणार होते. दुकानाची गादी मुलाकडे सोपवून ते निघाले. नियमाने धावणारा देह असल्यामुळे दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत काही अडले नाही.

धारचुल्याच्या पुढे तेव्हा मुख्यतः पायवाटच होती. गालाच्या तळावरून निघाले की लखनपूरकडे 4444 पायऱ्या उतराव्या लागत. सपाटीवर धावणाऱ्या माणसाच्या मांड्यांना उतरणे म्हणजे काय, ते तिथे कळे. बुधी, गुंजी, नाभीढांग असे मुक्काम करीत शरीराला उंचीची सवय लावली जाई. गुंजीला पुन्हा तपासणी होते. तेथील डॉक्टरांनी पाण्याबाबत त्यांना स्पष्ट बजावले: तहान लागो वा न लागो, पहाटेपासून घोट घोट पाणी पोटात गेलेच पाहिजे. नवकारशीचे पच्चक्खाण वर्षानुवर्षे पाळणाऱ्या माणसाला हे सोपे नव्हते. चढाच्या दिवसांपुरती सूट त्यांनी निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांकडून मागून घेतली होती, ही दूरदृष्टी कामी आली.

चौविहाराची अडचण मात्र तिबेटात आपोआप सुटली. तिथे घड्याळ बीजिंगचे चालते, आपल्याहून अडीच तास पुढे. जूनअखेरीस दारचेनला रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन असते. सहयात्री घड्याळ पाहून जेवणाला उशीर झाला म्हणत आणि हे सूर्याकडे पाहून निवांत जेवत. तळावर बटाट्याचा सुकाळ असे. यांच्या पिशवीत खाखरा, सातू आणि भाजलेले मूग होते. पाच हजार मीटरांच्या आसपास भूकच मंदावते, त्यामुळे तेही पुरून उरले.

कैलासाची परिक्रमा सुमारे 52 किलोमीटरची, तीन दिवसांची. दुसऱ्या दिवशी डोल्मा खिंड लागते. उंची सुमारे 5630 मीटर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास निम्माच. पुण्यात तासाभरात दहा किलोमीटर धावणाऱ्या या गृहस्थांनी तो चढ नवकाराच्या आधारे चढला: नऊ पदे, नऊ पावले, मग काठीवर भार टाकून उभे राहणे. मागून तिबेटी म्हाताऱ्या जपमाळ ओढीत पुढे निघून जात होत्या. गौतमस्वामींच्या अष्टापदयात्रेच्या कथेत पाचशे-पाचशे तापसांचे तीन गट येतात. ज्याचे जेवढे तप, तेवढ्याच पायरीपर्यंत तो गट पोहोचतो. ही कथा प्रवचनात ऐकणे वेगळे आणि त्या खिंडीखाली दम घेत उभे असताना आठवणे वेगळे.

परतल्यावर पहिल्याच सकाळी तळजाईवर नवल घडले. दहा किलोमीटर झाले तरी धाप लागली नाही. मनगटावरचे घड्याळ गेल्या तीन वर्षांतील सर्वांत चांगली वेळ दाखवीत होते. दुसऱ्या दिवशी वेग आणखी वाढला. सातारच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनसाठी नाव आधीच नोंदवलेले होते. यंदा आपण मुलालाही मागे टाकू, असे त्यांनी दुकानात बोलूनही दाखवले.

सहाव्या सकाळी पलंगावरून उतरताना उजव्या टाचेमागची शीर अशी ताणली गेली, की भिंतीचा आधार घ्यावा लागला.

अस्थितज्ज्ञांनी जे सांगितले, ते व्यापाऱ्याला समजण्यासारखे होते. विरळ हवेत राहिल्यावर मूत्रपिंडातून निघणाऱ्या एका संप्रेरकामुळे रक्तातील लाल पेशी वाढू लागतात. म्हणून खाली आल्यावर श्वासाच्या खात्यात शिल्लक दिसते. पायांचे खाते मात्र वेगळे असते. चालताना एक पाऊल सदैव जमिनीवर असते. धावताना दोन्ही पावले हवेत जातात आणि प्रत्येक पाऊल देहाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने आदळते. पंचवीस दिवस घोट्यापर्यंत आवळलेल्या जड बुटांत चाललेल्या टाचेला तो झेल घेण्याची सवय उरलेली नव्हती. त्यात वजन साडेचार किलो घटलेले, आणि उंचीवर घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो. फुप्फुसे जे सहज करू देत होती, ते पायांच्या नावे पडत होते.

यावर त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी बाजारातला होता: ही रक्ताची शिल्लक किती दिवस टिकेल? काही आठवडेच, असे उत्तर मिळाले. सपाटीवर आल्यावर शरीर जादा पेशी स्वतःच कमी करते. म्हणजे ज्या शर्यतीसाठी ही घाई चालली होती, ती येईपर्यंत लाभ उरणारच नव्हता. माल नासण्याआधी विकावा या हिशेबाने ते धावत होते आणि विकायला वेगळा माल नव्हताच, होती ती स्वतःची टाच.

दोन आठवडे केवळ चालणे झाले. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम सुरू झाला. मग एक दिवसाआड टेकडी: एक नवकार होईपर्यंत धावायचे, दोन होईपर्यंत चालायचे. भाद्रपद लागेपर्यंत हे प्रमाण उलटले. या काळात ओळखीचे लोक बाजूने धावत पुढे जात, कोणी थांबून कैलासाची हकिकत विचारी. तेव्हा ती सांगण्यास त्यांना भरपूर सवड होती. गादीवरही तसेच काहीसे घडले. मुलाने उधारीची पद्धत बदलून ठेवली होती. पहिल्या आठवड्यात ती त्यांना खटकली. नंतर त्यांनी महिनाभर नुसती वसुली पाहिली आणि पद्धत तशीच राहू दिली.

यवतेश्वरच्या घाटात ते सर्वांत मागे उभे राहिले. घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने उतरायचे, असा तो मार्ग. तीव्र वळणांवर त्यांनी डोल्मा खिंडीचाच हिशेब धरला, फक्त थांबण्याऐवजी चालले. उतारावर सारे सुसाट सुटले असता हे लहान पावले टाकीत, कडेने उतरले. मुलगा कधीच पोहोचून उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन उभा होता. मागील वर्षापेक्षा बावीस मिनिटे अधिक लागली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पलंगावरून उतरताना त्यांनी उजवे पाऊल जपून टेकवले. टाच काही बोलली नाही. पाऊस थांबला होता. दर्शन उरकून ते नेहमीच्या वेळी दुकानात गेले, तेव्हा मुलगा अजून साताऱ्याच्या थकव्याने झोपलेलाच होता.