सहा फुटांवर

सिंबा घरी आला त्या रात्री मी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि हॉलच्या कोपऱ्यात उभी राहिले. मला वाटलं होतं, आता हा घरभर हुंगत फिरेल, सोफ्याखाली नाक खुपसेल, आईच्या देवघराकडे धावेल आणि मला ओरडत मागे पळावं लागेल. तसलं काहीच झालं नाही. तो टीव्हीच्या दिशेने काही पावलं चालला, थांबला, मान किंचित झुकवून वळला आणि परत आला. मग खिडकीच्या दिशेने तेवढंच. मग दाराच्या दिशेने. आमचा हॉल चांगला पंधरा फूट लांब आहे. सिंबा सहा फुटांवर थांबत होता.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "साखळी कराडलाच राहिली, पण याला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

हा प्रसंग मी बऱ्याच जणांना सांगितला आहे. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. "किती चांगलं काम केलंस," असं म्हणतात. कारण मी त्यांना अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

उरलेली अर्धी अशी. 2020 च्या दिवाळीत मी पुण्याहून कराडला काकांकडे गेले होते. लॉकडाऊन सैल झालं होतं, नोकरी घरूनच चालू होती आणि पगार खर्च करायला जागा नव्हती. माझा चुलतभाऊ तेव्हा दहा वर्षांचा. शाळा मोबाईलमध्ये, मित्र मोबाईलमध्ये, पोरगा दिवसभर गादीवर लोळत. त्याला कुत्रा हवा होता. काकू नको म्हणत होती. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो, मी उलटं केलं. नऊ हजार रुपयांना लॅब्राडॉरचं पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आणलं, बिस्किटांच्या खोक्यात टॉवेल घालून. काकूला म्हटलं, "ठेवून तर बघ, जीव लागेल." त्या दोघांचा फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकला. माझ्या कुठल्याच फोटोला तोवर एवढे लाइक्स मिळाले नव्हते.

जीव लागलाही. आठ-दहा महिने सगळं छान होतं. पण लॅब्राडॉर वर्षभरात तीस किलोचा होतो आणि हे कळत असूनही मी काकूला सांगितलं नव्हतं. शाळा सुरू झाली. पोरगा सकाळी जायचा, क्लास करून संध्याकाळी यायचा. दिवसभर एकटा असलेला सिंबा कुणी दिसलं की अंगावर झेप घ्यायचा, निव्वळ आनंदाने. एके दिवशी आजीवर घेतली. आजी पडली, मनगट मोडलं. काकांनी त्याला मागच्या पत्र्याच्या शेडजवळ बांधलं. आजीचं प्लास्टर निघेपर्यंत, असं ठरलं होतं.

प्लास्टर दीड महिन्यात निघालं. साखळी तीन वर्षं राहिली.

यात कुणी खलनायक नाही, हेच मला सांगायला अवघड जातं. काकूने त्याला एक वेळही उपाशी ठेवलं नाही. सकाळ-संध्याकाळ भाकरी-दूध कुस्करून मिळायचं. कुणी कधी काठी उगारली नाही. फक्त त्याला फिरवणं आज राहिलं, मग उद्या राहिलं, मग ते राहिलंय हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी वर्षातून दोन-तीनदा जायचे. "काय सिंबा, ओळखलंस का?" म्हणायचे, बिस्किटाचा पुडा सोडायचे, डोकं थोपटायचे आणि आत येऊन साबणाने हात धुवायचे. खुंट्याभोवती त्याच्या चालण्याने एक अर्धगोल झाला होता. त्याच्या आत टणक उघडी माती, बाहेर हिरवं गवत. कंपासने आखावी तशी रेघ. ती मी पाहिली होती. एकदा तर म्हटलंही होतं, "बघ ना, कसलं परफेक्ट सर्कल आहे."

2024 च्या गौरी-गणपतीत गेलो तेव्हा तो उठला नाही. शेपूट दोनदा जमिनीवर आपटली आणि मान परत खाली. कानाला वास येत होता. गळ्याभोवतीचे केस गेले होते. परत येताना गाडीत आई बराच वेळ गप्प होती. साताऱ्याच्या पुढे म्हणाली, "त्याला आणायला तूच गेली होतीस ना?"

बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. आईला घरात केस चालत नाहीत, डायनिंग टेबलावर लॅपटॉप चालत नाही. तिच्या माहेरी शेवटच्या उरलेल्या पिठाची चानकी कुत्र्यासाठी थापायची पद्धत होती, पण ती चानकी उंबऱ्याबाहेर टाकायची. कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यामुळे तिने "आण" असं म्हटलं नाही. "बाल्कनीत राहील," एवढंच म्हणाली. काकू म्हणाली, "पितृपक्ष आहे, संपल्यावर ने." आई फोनवर म्हणाली, "तोवर तो राहायला हवा." आम्ही दुसऱ्याच शनिवारी गेलो. काकांनी साखळी सोडताना सिंबाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. भाऊ खोलीतून बाहेर आला नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे नेलं. रक्तात प्लेटलेट्स खूप कमी निघाल्या. गोचिडांमुळे होणारा ताप. दोन्ही कानांत बुरशी. नखं वाढून आत वळलेली, कारण नखं चालण्याने झिजतात आणि हा चाललाच नव्हता. कोपरांवर टणक घट्टे. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन, तेही खाणं झाल्यावरच. घरातल्या भेगासुद्धा फवारून घ्या, डॉक्टर म्हणाले, कारण गोचिडाची एक मादी हजारो अंडी घालते आणि ती कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीच्या फटीत घालते.

मग त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे तुमच्याकडे?"

मी म्हणाले, "परवापासून."

"चांगलं केलंत," ते म्हणाले. मी मान डोलावली. घरी येताना रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला ते उचलून बाजूला ठेवावंसं वाटत होतं.

त्या रात्री त्याला ताप होता. मी जागी होते आणि फोनवर शोधत बसले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा 1960 चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात लाथ मारणं, उपाशी ठेवणं हे आहेच. पण त्यातच आणखी एक गुन्हा लिहिला आहे : सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं न फिरवणं. चौसष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी नेमका हा विचार करून ठेवला होता. मी दोनदा वाचलं. मग शिक्षा शोधली. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये.

कायद्याच्या लेखी मालक काका होते, म्हणजे तो दंडही मला झाला नसता. मी एक पोस्ट लिहून ठेवली होती, सिंबाचा आधीचा आणि आताचा फोटो, खाली 'विकत घेऊ नका, दत्तक घ्या'. ती मी त्या रात्री डिलीट केली.

पुढचे दिवस सुंदर वगैरे नव्हते. कुकरची शिट्टी झाली की तो जागच्या जागी मुतायचा. पहाटे पावणेसहाला खाली न्यायचं, तर त्याला जिना माहीतच नव्हता. तीस किलोचा कुत्रा पहिल्या पायरीवर थरथरत उभा, आणि मी त्याचे पुढचे पाय एकेक करून खाली ठेवतेय. सोसायटीत एकांनी लिफ्टबद्दल हरकत घेतली. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं 2015 चं परिपत्रक आहे. ते मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि नंतर महिनाभर त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. रेबीजचं इंजेक्शन, महापालिकेचा परवाना, कानाचे थेंब. वरणात केस. आईने दोन आठवड्यांत त्याच्याविषयी केलेल्या तक्रारींची मी वही करू शकले असते. मात्र गोळ्यांची खूण रोज कालनिर्णयवर तीच करायची.

आणि मग दसऱ्याच्या दोन दिवस आधी सिंबा तिला चावला.

तो जेवत होता. आईने भांड्याच्या बाजूला सांडलेला भात उचलायला हात घातला. एक गुरगुर, आणि आईच्या पंजावर दोन दात. रक्त फार नव्हतं. मी तिचा हात नळाखाली धरून साबण लावत राहिले, पंधरा मिनिटं धुवायचं असतं म्हणून घड्याळ बघत. त्याला लस देऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, त्यामुळे डॉक्टरांनी आईला पूर्ण कोर्स सांगितला. पहिल्या दिवशी, मग तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा.

रात्रीपर्यंत बातमी दोन मावश्या आणि एका आत्यापर्यंत पोचली होती. सगळ्यांचं एकच मत. मी बाल्कनीत गेले आणि काकांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. काका सगळं ऐकून म्हणाले, "आणून सोड हवं तर. शेड आहे, साखळी आहे. त्याला इथली सवय आहे."

मी लगेच नाही म्हणाले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "बघते." आणि मला हलकं वाटलं. पहाटेची झोप, स्वच्छ फरशी, आईचा शाबूत हात, हे सगळं मला क्षणभर दिसलं आणि ते छान होतं. तीन वर्षं सगळ्यांना असंच हलकं वाटत असणार.

आत येऊन आईला म्हटलं, "काका म्हणतायत, परत आणून सोड."

आई डाव्या हाताने कालनिर्णयवर इंजेक्शनच्या तारखा लिहीत होती. अक्षर वाकडं येत होतं. "दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचंय ना?" ती म्हणाली. "मग दहा दिवस तर इथेच राहावं लागेल. नंतर बघू."

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या भांड्यापासून चार हात लांब बसायला लागली, पाटावर, हाताला पट्टी. तो जेवायला लागला की मधूनच चिकनचा एक तुकडा त्याच्याकडे टाकायची. आमच्या घरात तोवर चिकन शिजलं नव्हतं. ते ती वेगळ्या पातेल्यात उकडायची, नाकाला पदर लावून. रोज पाट थोडा पुढे. डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती होती, म्हणजे जवळ येणारं माणूस घ्यायला नाही, द्यायला येतंय हे त्याला कळावं. दहाव्या दिवशी तिने भांड्याला हात लावला. सिंबाने वर पाहिलं आणि परत जेवायला लागला. त्याच दिवशी गोळ्याही संपल्या. परत पाठवण्याबद्दल आई काही बोलली नाही आणि मीही काढलं नाही.

भाऊबीजेला काका, काकू आणि भाऊ पुण्याला आले. पोरगा आता चौदाचा, ओठांवर लव, आवाज फुटलेला. सिंबा खिडकीखाली झोपला होता. दारात भावाचा आवाज आला तसा तो उठला आणि धावला. सहा फूट, दहा फूट, पूर्ण हॉल, टीपॉयवरचा फराळ उडवत. जाऊन त्या पोराच्या अंगावर झेप. माझ्याकडे येताना तो असा एकदाही धावला नव्हता. मला हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

भाऊ बुटांसकट तिथेच जमिनीवर बसला. किती तरी वेळ त्याने मान वर केली नाही. मग सिंबाच्या गळ्यावरून बोटं फिरवत म्हणाला, "ताई, इथले केस परत येतील ना?"

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की साखळीने जिथे कातडी जाड झाली आहे, तिथे येणार नाहीत. मी भावाशेजारी बसले आणि त्याला तसंच सांगितलं.

आतून आईचा आवाज आला, "बूट काढ आधी, आत्ताच पुसलंय." मग, "सिंबा!" तो उठला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आई तव्यावरची शेवटची चानकी निववत उभी होती. तो उंबऱ्यावर थांबला. ती म्हणाली, "ये आत."