नुब्राच्या काट्यांतले केशरी फळ

लेहहून नुब्राकडे जाताना खारदुंग ला ही खिंड लागते. तिथल्या फलकांवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची लिहिलेली होती. नीट मोजली तर ती १७,५८२ फूट भरते. खरी उंचीच श्वास कोंडायला पुरेशी आहे, वर आठशे फूट वाढवून कोणाला काय मिळाले असेल, असे आम्हा दोघांनाही वाटले.

खिंड उतरली की श्योक नदीचे रुंद पात्र समोर येते. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, खाली राखाडी वाळू, आणि काठाने रुपेरी पानांच्या काटेरी झुडपांची दाट रांग. आम्ही गेलो तो सप्टेंबरचा शेवट होता. फांद्यांना ज्वारीच्या कणसासारखे गच्च चिकटलेले केशरी दाणे गाडीतूनही दिसत होते. हे सी-बकथॉर्न. लडाखी लोक त्याला त्सेरमांग म्हणतात. लेहमधल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने त्याचा टिकाऊ रस काढला आणि ‘लेह बेरी’ हे नाव बाहेर पोहोचले. आता पावडरही खपते. वजनाला हलकी, पर्यटकाच्या बॅगेत सहज मावते.

आमचा मुक्काम तुर्तुकला होता. हे बाल्टी मुसलमानांचे गाव १९७१च्या युद्धात भारतात आले आणि पर्यटकांसाठी २०१०मध्ये खुले झाले. भाषा बाल्टी, पण उर्दू जवळपास सगळ्यांना येते, त्यामुळे आमचे काम सोपे झाले. ज्यांच्या घरी उतरलो त्या आपा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला नदीकाठी घेऊन गेल्या. झुडपाखाली जुनी चादर अंथरायची आणि फांदीवर काठीने हलकेच मारायचे. जोरात मारले तर दाणा फुटतो, हळू मारले तर सुटत नाही. हाताने तोडायला जावे तर बोटभर लांबीचे काटे. तासाभरात आम्हा दोघांची मिळून जेमतेम चार ओंजळी झाली, तेवढ्यात आपांची अर्धी बादली भरली होती.

“बाजी, यात नर आणि मादी झाड वेगळे असते. नराला फळ येत नाही, पण त्याला तोडलेत तर इतरांनाही येणार नाही,” आपा म्हणाल्या. या झुडपाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत धरतात आणि मुळे वाळू धरून ठेवतात. एरवी त्या वाळूत फारसे काही तगत नाही. नववीच्या वर्गात वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठी शिकवताना आता हे उदाहरणही द्यायचे, असे आम्ही तिथेच ठरवले.

पावडर कशी करतात तेही पाहिले. फळे कुस्करून रस गाळायचा, उरलेली साले आणि बिया सावलीत वाळवायच्या, मग दळायच्या. सावलीतच का, तर क जीवनसत्त्व ऊन आणि उष्णता सोसत नाही. संत्र्याच्या शंभर ग्रॅममध्ये ते साधारण ५० मिलिग्रॅम असते. या ताज्या फळात त्याच्या कितीतरी पट. केशरी रंग कॅरोटिनॉइड्सचा, गाजरातल्यासारखा. शरीरात रोजच्या कामातून जे त्रासदायक रेणू तयार होतात, त्यांना आवर घालणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क जीवनसत्त्व आणि कॅरोटिनॉइड्स त्यांतलेच. शिवाय या फळाच्या गरातच तेल असते. फळांत हे क्वचितच आढळते, आणि कॅरोटिनॉइड्स अंगी लागायला थोडे तेल-तूप लागतेच.

हिवाळ्यात जिथे महिनोन्‌महिने ताजी भाजी दिसत नाही, तिथे असे फळ म्हणजे मोठा आधार. आपल्याकडे मात्र दारात आवळा आणि पेरू असतात. क जीवनसत्त्वासाठी म्हणून कोणी महागडी पावडर मागवत असेल तर आम्ही त्याला आधी आवळ्याकडेच पाठवू. ही पावडर घ्यावी ती तिच्या वेगळ्या आंबटपणासाठी, आणि शक्य तर काटे सोसणाऱ्या बायकांच्या बचत गटाकडून.

लेहच्या बाजारात परतलो तर एका दुकानदाराने हीच पावडर शुगर, ब्लडप्रेशर, सांधेदुखी, हृदयविकार सगळ्यांवर चालते म्हणून पुढे केली. “अम्मींच्या गोळ्या सुटतील,” असेही म्हणाला. आम्ही पाकीट उलटून घटक वाचले. पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे, मग साखर, त्यानंतर फळ. रसाची पावडर करताना माल्टोडेक्स्ट्रिन मिसळावे लागते, त्यात फसवणूक नाही; पण ते आणि साखर दोन्ही रक्तातली साखर वाढवतात, आणि हा ते शुगरवरचे औषध म्हणून विकत होता. आम्ही ते तिथेच ठेवले. आपांकडून घेतलेली पाव किलो पुडी होतीच.

रत्नागिरीला आल्यावर अम्मींनी पुडीचा वास घेतला आणि रोज चमचाभर घेईन म्हणाल्या. त्यांना मधुमेह आहे, आणि हृदयाच्या त्रासानंतर रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. आम्ही आधी डॉक्टरांना विचारले. या फळाने रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते आणि रक्तदाबही उतरू शकतो, त्यामुळे त्या गोळीसोबत नको, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अम्मी दोन दिवस नाराज होत्या. “डोंगरावरून आणले आणि मलाच नाही,” म्हणाल्या.

बाकी घरात मात्र ती चालते. अर्धा चमचा दह्यात घालून चिमूटभर मीठ टाकले की मुलांना आवडते. दुधात घालू नये, फाटते. वरण चुलीवरून उतरवल्यावर आमसुलाऐवजी भुरभुरली तर छान आंबट होते. उकळत्या वरणात टाकली तर चव राहते, जीवनसत्त्व बरेचसे जाते. कापलेल्या पेरूवर तिखटाबरोबर तर फारच चांगली. रमजानात इफ्तारला थंड पाण्यात मध, सबजा आणि पाव चमचा पावडर घालून शरबत केले, ते कोकमाच्या शरबतासमोर उणे पडले नाही. पण आमच्या दमट हवेत तिची लगेच ढेकळे होतात. गडद काचेची बरणी, कोरडा चमचा आणि फ्रिज, एवढे सांभाळावेच लागते. अम्मींसाठी त्या दिवशी कोकमाचे शरबत वेगळे केले होते, बिनसाखरेचे.