पाणी दिल्यानंतरचा ताव

लालबुंद पातं तेलात बुडतं, चर्र आवाज होतो, धूर उठतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झाली सुरी. कारागीर मात्र ते पातं जपून उचलतो. या घडीला ते सर्वांत कठीण असतं आणि सर्वांत नाजूकही. कानस घासली तर नुसती सटकते. पण पातं फरशीवर पडलं, तर काचेसारखे दोन तुकडे होतील. कधी कधी तर रात्रभर नुसतं ठेवलं तरी तडकतं. म्हणून पुढचं काम उद्यावर ढकलत नाहीत.

साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन असलेलं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झटकन थंड केलं, की कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला सवड मिळत नाही. ते जाळीत अडकतात, जाळी ताणली जाते. जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. तो ताण सैल करायला पातं पुन्हा तापवायचं, पण जेमतेम; हाच ताव. स्वयंपाकाच्या सुरीला १८० ते २२० अंश पुरेत. थोडी कठीणता जाते, चिवटपणा येतो.

गावच्या लोहाराकडे थर्मामीटर कुठला? तो रंग बघतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा कोयता घडवला, की फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवायची, बाहेर काढून दगडाने घासून उजळायची आणि बघत राहायचं. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकते. तिच्याबरोबर रंग येतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे अंशांजवळ निळा. सुरी पिवळ्यावर थांबवायची; दणके खाणारा कोयता जांभळ्याकडे जाऊ द्यायचा. हवा तो रंग धारेला पोचला, की लगेच पाण्यात.

पण रंग फसवतोही. तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचा पातळ थर. कमी तापमानात जास्त वेळ ठेवलं तरी गडद होतो. त्यामुळे सुऱ्या करणारे बरेच जण आता ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा ताव देतात. घरगुती ओव्हनच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. गंमत कमी होते खरी, पण सुरी भरवशाची निघते.

एवढी मेहनत वाया घालवायला धार लावणाऱ्याचं कोरडं चाक पुरतं. धार निळी पडली, तर तेवढा भाग मऊ झाला. तो घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही. घरची सुरी चाकावर द्याल, तेव्हा पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा.